मंत्र सुरू झाला की आवाज बंद

शुब्रा, कैरो
शुक्रवार, ११ ऑक्टोबर २०१९

सासूबाई,

ही हाक मारायचा अधिकार कोर्टानं दोन वर्षांपूर्वी माझ्याकडून काढून घेतला, हे मला ठाऊक आहे. पण घटस्फोटाच्या कागदावर शिक्का मारताना त्या कारकुनानं दुसरा शब्द काही सुचवला नाही. 'इन्शिराह हानिम' असं अदबीनं नावानिशी लिहिलं तर तुम्हाला वाटेल, वीज कापण्याची नोटीस आली. तेव्हा सासूबाईच. हाझिमनं बायको बदलली. मी सासू बदललेली नाही. नवीन सासू शोधायचं माझं वय राहिलं नाही आणि खरं सांगायचं तर हिंमतही.

फोन करून पाहिला. तुमच्या फोनवर माझा नंबर तुमच्या चिरंजीवांनी बंद करून ठेवलेला दिसतो. एवढं तंत्रज्ञान त्याला येतं हे कळून कौतुक वाटलं. आमच्या घरातला गीझर काही त्याला एकोणीस वर्षांत उमजला नव्हता. म्हणून ही चिठ्ठी पोर्ट सईदच्या मिनीबसच्या ड्रायव्हरकडे देते आहे, बिस्किटांच्या डब्यात घालून. तो डबा तुमच्या खालच्या मजल्यावरच्या शेजारीण उम्म मीलादकडे पोचवेल. बिस्किटं त्यांनी आधीच चाखली असतील, तर त्याला माझा इलाज नाही.

कारण असं की तुमच्यामुळे माझं सदर बंद पडायची वेळ आली आहे आणि त्याबद्दल मला तुमचे आभार मानायचे आहेत.

तुम्हाला माहीत आहे, आमच्या साप्ताहिकात मी लोकांच्या खोड्या काढते. पण ज्यांच्या खोड्या काढता येतील अशा लोकांची संख्या आपल्या देशात दिवसेंदिवस कमी होत चालली आहे. म्हणून संपादक लबीबसाहेब या महिन्यात म्हणाले, "शाहीनाझबाई, भुतांवर लिहा. भुतं वकील लावत नाहीत." मग मी लिहिलं: नक्की पाहावेत असे भयपट. आणि सगळ्यांत वर घातला आपला 'विहिरीतली नवरी'.

त्यातल्या मांत्रिकाच्या प्रसंगाची मी भरभरून स्तुती केली. तो विहिरीच्या काठावर बसून विचारतो, "या पोरीच्या अंगात का शिरलीस?" आणि विहिरीतली ती म्हणते, "मी कुठे शिरले? या घरात नव्या नवरीशी कुणी बोलत नव्हतं. मी नुसती गप्पा मारायला बसले होते." आपल्या सिनेमात यापेक्षा भीतिदायक वाक्य मी ऐकलेलं नाही, असं मी छापून मोकळी झाले.

पत्रांचा पाऊस पडला हो. टांटा शहरातले एक औषधवाले लिहितात, "बाईसाहेब, या सिनेमात असं वाक्य नाही. आपण कुठला सिनेमा पाहिलात?" एक निवृत्त मुख्याध्यापिका विचारतात, "शिंगं चिकटवलेल्या बकरीचा उल्लेख आपण का टाळलात?" लबीबसाहेबांनी मला बोलावलं.

"बाई, सिनेमा पाहिलाय का तुम्ही?"

"दरवर्षी."

"मग हे वाक्य कुठून आणलंत?"

"सिनेमातून."

"सिनेमात नाही ते."

"मग सिनेमात चूक आहे," मी म्हणाले आणि तावातावानं घरी येऊन सिनेमा लावला.

सासूबाई, मी तो आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण आवाजासकट पाहिला. तुमच्या हॉलमध्ये गुरुवारची जेवणं उरकली की तुम्ही पडदे ओढायच्या. भुतं दुपारीच बघायची, कारण रात्री तुम्हाला भीती वाटायची. रिमोट तुमच्या मांडीखाली. पडद्यावरच्या मांत्रिकानं धूप पेटवला, डोळे फिरवले, की तुमचा अंगठा बटणावर. आवाज बंद. "तो नट आहे हे आपल्याला कळतं, जिनांना थोडंच कळतंय? नाव घेऊन बोलावलं म्हणजे येणारच ते." निम्मं पोर्ट सईद असंच करतं. कुणी कानात बोटं घालतं, कुणी पाणी प्यायला उठतं. तुम्ही मात्र बोलायच्या. मांत्रिकाचे ओठ हलत असेपर्यंत भोपळ्याच्या बिया सोलत सोलत तुम्ही त्याचं आणि भुताचं, दोघांचं बोलणं सांगायच्या. इतकं बेमालूम, की मला वाटायचं, या बाईंनी हा सिनेमा थेटरात आवाजासकट पाहिलेला आहे आणि आम्हाला तसाच्या तसा ऐकवताहेत.

खऱ्या सिनेमात त्या जागी मांत्रिक अगम्य बडबड करतो आणि विहिरीतून बकरी निघते. शिंगं खरंच चिकटवलेली आहेत. डावं निखळतं. तुमच्या बोलण्यात गुंतून माझं तिकडे कधी लक्षच गेलं नव्हतं.

लबीबसाहेबांना खुलासा हवा आहे, नाहीतर सदर बंद. खुलासा करायचा तर तुमचं नाव लिहावं लागेल आणि तुमच्या होकाराशिवाय मी ते लिहिणार नाही. तेव्हा एक ओळ पाठवा. 'छाप' लिहा, 'छापू नकोस' लिहा, 'मेले, कशाला आठवण काढलीस' असं लिहा. घर सोडलं त्या दिवशी मी बॅगा उतरवत होते तेव्हा तुम्ही बाल्कनीत होतात. मी वर पाहिलं आणि तुम्ही आत गेलात. त्यानंतर तुमचं अक्षर नाही की आवाज नाही. मला तुमची एक ओळ हवी आहे. कुठलीही.

शाहीनाझ


सोमवार, २१ ऑक्टोबर

सासूबाई,

ड्रायव्हर शपथेवर सांगतो की डबा पोचला. म्हणजे तुम्ही गप्प आहात. तुम्ही रागावलेल्या मला चालता, कारण रागावलात की तुम्ही भांडी मोठ्यानं आपटता आणि माणसाला अंदाज येतो. गप्प बसलात की माझी पंचाईत होते.

दरम्यान आपले सगळे सिनेमे मी आवाज लावून पुन्हा पाहत सुटले आहे. दुपारीच पाहते. रात्री मलाही भीती वाटते, हे कुणाला सांगू नका. माझ्या तिखटपणाच्या लौकिकाला धक्का बसेल.

'मिठाची पावलं' अजूनही पाहण्यासारखा आहे. तो तुर्की सिनेमा, ज्यात नव्या घराच्या उंबऱ्यात मीठ टाकायचं विसरतात आणि मग रोज सकाळी फरशीवर कुणाची तरी पांढरी पावलं उमटतात. तुम्ही तो पाहून मोरीत गरम पाणी ओतण्याआधी मोठ्यानं बिस्मिल्ला म्हणायला मला शिकवलंत, म्हणजे खाली राहणाऱ्या जिनांना बाजूला व्हायला वेळ मिळतो. मी अजून म्हणते. इथल्या वरच्या मजल्यावरच्या बाईला वाटतं, मी फार धार्मिक आहे. बाकी, त्यातल्या मांत्रिकाचा आवाज बंद करायची गरज नव्हती, सासूबाई. तुर्की नटानं अरबी मंत्र असा म्हटला आहे की कुठल्याही जिनाला दुभाष्या लागेल.

'इस्त्रीची दुपार' मात्र कुणी पाहू नये. ज्या इस्त्रीवाल्याकडचे कपडे आपोआप चालत घरी येतात, तो. तुमच्या तोंडून तो फार चांगला सिनेमा होता. तुमचा मांत्रिक त्या रिकाम्या सदऱ्याला विचारायचा, "कुठे निघालास?" आणि सदरा म्हणायचा, "ज्याच्यासाठी कडक इस्त्री केली त्याला मी आवडत नाही, दुसरा माणूस शोधतो." आपण दोघी किती हसलो होतो. हाझिम नुसता बघत होता. त्याला वाटलं आपण त्याच्यावर हसतो. आता वाटतं, त्याचं फारसं चुकत नव्हतं.

हे सगळं लांबण मी लावते आहे, कारण जे लिहायला बसले ते लिहायला हात धजत नाही.

'कवड्यांचा पाळणा'. ज्या वर्षी मी दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परत आले, त्या वर्षीची गोष्ट. माझी आई भात भरून शिजवलेली कबुतरं घेऊन आली आणि ती मी संपवेपर्यंत समोर बसून राहिली, एक शब्द न बोलता. हाझिमनं घरातले सगळे नळ दुरुस्त केले. गळत नव्हते तेही. आणि गुरुवारी तुम्ही, इतके सिनेमे असताना, नेमका पाळण्याचा सिनेमा लावलात. मनात म्हटलं, ही बाई माणूस आहे की काय आहे?

त्यातली आई रडत रडत मांत्रिकिणीकडे जाते. तुम्ही आवाज बंद केलात. आणि बियांचं ताट बाजूला ठेवून मांत्रिकिणीच्या वतीनं म्हणालात, "बाई, तुझ्यात काही कमी नाही. ते लेकरू दार चुकलं. चुकलेल्याचा राग धरू नये आणि दारालाही बोल लावू नये."

ते वाक्य मी सतरा वर्षं जवळ बाळगलं. सिनेमातलं म्हणून. मी, जी नाटकसिनेमांची साल काढून पोट भरते, ती एका भुताटकीच्या सिनेमातल्या वाक्यावर तगून राहिले. म्हणून हे कधी कुणाला सांगितलं नाही.

परवा दुपारी तो प्रसंग आवाजासकट ऐकला. ती मांत्रिकीण त्या आईला म्हणते, हे तुझ्याच पापाचं फळ आहे, आणि काळ्या कोंबड्या मागते.

मी सिनेमा थांबवला. चहा समोर गार झाला. त्या घरात माझ्याशी कुणी काही बोललं नाही, असं मी इतकी वर्षं समजत होते. तुम्ही बोलला होतात. माझ्या तोंडावर बोलायचा तुम्हाला संकोच वाटला असेल, किंवा तसं बोललात तर मी उठून जाईन असं वाटलं असेल. खरंच गेले असते. म्हणून तुम्ही एका भाडोत्री मांत्रिकिणीचं तोंड बंद केलंत आणि तिच्या तोंडून ते मला सांगितलंत.

आता मला उरलेले सगळे सिनेमे तपासायची भीती वाटते. आणखी काय काय तुम्ही मला सांगितलं असेल आणि मी ते सिनेमाच्या खात्यावर टाकून बसले असेन?

तुमचे आभार मानते. चेष्टा नाही.

शाहीनाझ


बुधवार, ६ नोव्हेंबर

सासूबाई,

आणि उम्म मीलाद,

हो, आता दोघींना लिहायचं, कारण काल उम्म मीलादचा फोन आला. "शाहीनाझ का गं? तुझ्या चिठ्ठ्या मी वाचते."

"तुम्ही का वाचता?" मी जरा घुश्शातच विचारलं.

"मग कोण वाचणार? तिला दिसतंय थोडंच."

मी खुर्चीत बसले. त्यांनी मग सगळं सांगितलं. काचबिंदू. एक डोळा गेल्या वर्षीच गेला होता, दुसरा या वसंतात. आता उजेड कळतो, सावली कळते, बस. "तुला हाझिमनं सांगितलं नाही?" म्हणाल्या. मला तो काय सांगणार? आम्ही तर एकमेकांच्या वाढदिवसाला वकिलांमार्फत बोलणारी माणसं.

टीव्ही त्यानं आपल्या घरी नेला, हेही कळलं. दुष्टपणानं नेला नसेल. त्याच्या हिशेबात, जिला दिसत नाही तिला टीव्ही कशाला? इंजिनिअर आहे तो. यंत्राचा उपयोग काय एवढंच त्याला समजतं.

मी विचारलं, "चिठ्ठ्या ऐकून काय म्हणतात?"

"काही नाही. म्हणते, परत वाच. पाळण्याचं तर इतक्यांदा वाचलं की माझा घसा बसला. तू जरा मोठ्या अक्षरात लिही गं पोरी. आणि इतक्या अवघड वाक्यांचा सोस कशाला? वाचताना मध्ये श्वास घ्यायला जागा ठेव."

तर उम्म मीलाद, अक्षर मोठं काढलं आहे. इथे श्वास घ्या.

सासूबाई, म्हणजे तुम्ही अबोला धरला नव्हता. की धरला होता? हे मला अजून नीट कळलेलं नाही. माणूस पत्र वाचू शकत नाही हे एक. ऐकून 'परत वाच' म्हणतो पण उत्तर सांगत नाही हे दुसरं. उम्म मीलादना लिहिता येतं. आणि बोटं चिकट करून का होईना, चिठ्ठी डब्यात घालता येते.

(उम्म मीलाद, हे वाक्य गाळू नका. तुम्ही गाळता हे मला कळलं आहे. काल फोनवर बकरीबद्दल विचारलं तर तुम्हाला ठाऊक नव्हती.)

आता खरं सांगते. छापायची परवानगी हे निमित्त होतं. लबीबसाहेबांना मी केव्हाच सांगून टाकलं, सदर बंद करायचं असेल तर करा, पुष्कळ खरडलं. ते म्हणाले, "रागावू नका, आणखी थोडे दिवस थांबतो." ती माझी काळजी नाहीच. मला तुमच्या हॉलमध्ये परत बसायचं आहे. गुरुवारी, जेवणं उरकल्यावर. दर गुरुवारी नाही तर महिन्यातून एकदा. हाझिमशी माझं जे मोडलं ते मोडलं, त्यात मला काही परत नको आहे, त्यानं नेलेला टीव्हीसुद्धा. पण घटस्फोट त्यानं मला दिला. तुम्ही दिलात का, एवढंच विचारते आहे.

येऊ का?

शाहीनाझ


शनिवार, २३ नोव्हेंबर

सासूबाई,

काल हाझिमचा फोन आला. दोन वर्षांत पहिला. आवाजावरून मी त्याला ओळखलं नाही, श्वासावरून ओळखलं. भांडायच्या आधी तो नाकानं मोठा श्वास घेतो.

"आईला कसल्या चिठ्ठ्या लिहितेस?"

"सिनेमांबद्दल."

"तिला दिसत नाही, शाहीनाझ. दिसत नाही अशा बाईला तू सिनेमे बघा म्हणून सुचवतेस? लाज नाही वाटत?"

  मी काही म्हणायच्या आत तोच पुढे बोलत राहिला.

"तुझी चिठ्ठी आली की दिवसभर रडत बसते."

"रडतात?"

"रडते आणि हसते. एकटीच. जिन्यातून लोकांना ऐकू जातं. सगळी बिल्डिंग म्हणते, म्हातारीला काहीतरी झालंय. आणि इकडे घरात माझी बायको आहे, तिला काय वाटत असेल? पहिली सून भुताखेतांच्या चिठ्ठ्या पाठवते म्हणून?"

"तिलाही गुरुवारी पाठव. बिया सोलायला हात कमी पडतात."

"तुझी जीभ अजून तशीच आहे."

"तुझा गीझर कसा आहे?"

त्यानं पुन्हा नाकानं श्वास घेतला. मग एकदम शांत आवाजात म्हणाला, "हे बघ. मी आईला विचारलंय. तिला हे नकोय. तू येऊ नकोस आणि लिहूही नकोस."

शांत आवाजात तो खोटं बोलत नाही, हे मला एकोणीस वर्षांच्या अनुभवानं माहीत आहे. पण ज्या प्रश्नाचं उत्तर त्याला हवं असतं, तो प्रश्न तो असा विचारतो की समोरच्याला 'बरं' म्हणण्यावाचून गत्यंतर नसतं, हेही त्याच अनुभवानं माहीत आहे. मीही पुष्कळदा 'बरं' म्हटलं आहे.

म्हणून शेवटचं विचारते. हे तुम्ही ठरवलंत की तुमच्या वतीनं ठरलं? 'नाही' असेल तर ते तुमच्या तोंडून आलं पाहिजे. उम्म मीलादना सांगा, ड्रायव्हरला सांगा, कुणालाही सांगा. तो शब्द मिळाला की मी पुन्हा लिहिणार नाही. तुम्ही मुलाच्या आधारावर राहता, मी राहत नाही. तुम्हाला किंमत मोजावी लागेल आणि मी इथे शुब्र्यात बसून धीट वाक्यं लिहीन, हे बरोबर नाही, एवढं मला कळतं.

पण 'नाही' आलं तरी आभार परत घेणार नाही. तुमच्या घरात मी सून म्हणून आले तेव्हा मला दोनच गोष्टी येत होत्या, वाचणं आणि टोमणे मारणं. गप्पा मारायला बसणं मी तुमच्याकडे शिकले. कडू कॉफी कशी प्यायची, मासा ताजा आहे हे त्याच्या डोळ्यांवरून कसं ओळखायचं, घाबरलेल्या माणसाच्या शेजारी नुसतं कसं बसायचं. हे सगळं मी वापरते आहे. रोज वापरते.

एक नवीन सिनेमा आला आहे, बैरूतचा, 'बंद बाल्कनी'. सगळे म्हणतात फार चांगला आहे. मी अजून पाहिलेला नाही. तुमच्याशिवाय बघायचा नाही असं ठरवलं होतं. आता उत्तर येईपर्यंत तसाच ठेवते.

शाहीनाझ


शुक्रवार, ६ डिसेंबर

सासूबाई,

काल तुम्ही तिथेच होतात, तरी लिहिते. कारण शेवटी एक गोष्ट घडली ती तुम्हाला दिसली नाही आणि उम्म मीलाद तेव्हा स्वयंपाकघरात बोरी मासे तळत होत्या. (उम्म मीलाद, मासे अप्रतिम होते. आता पुढे वाचा.)

आधी निरोपाबद्दल. ड्रायव्हर माझ्या दारात शाळेत कविता म्हणायला उभं केल्यासारखा उभा राहिला आणि म्हणाला, "निरोप असा आहे: गुरुवारी ये. पडदे ओढून ठेवते. माझ्या मुलाचं मी बघते." मग स्वतःच्या मनचं एक वाक्य त्यानं जोडलं, "आता हे डबे ने-आण करायचं थांबेल का?" मी त्याला आत बोलावून चहा पाजला. त्याचेही आभार मानायला हवे होते.

तुम्ही दार उघडलंत आणि माझ्या तोंडावरून हात फिरवलात. "जाड झालीस."

"दोन वर्षं तुमच्या हातचं खाल्लं नाही."

"म्हणूनच. माझ्या हातचं खाऊन कोण जाड झालंय?" आणि मग हात न काढता, "मी त्या दिवशी बाल्कनीतून आत का गेले, विचारू नकोस."

"नाही विचारत."

"बाल्कनीत रडलं की खालचा भाजीवाला वर बघतो."

"मला वाटलं, रागावलात."

"रागावलेच होते. पण तुझ्यावर, असं तुला कुणी सांगितलं?"

छापायचं म्हणाल तर, तुमचा हुकूम लबीबसाहेबांना आज सकाळीच कळवला: आडनावासकट छापा, वय घालू नका, आणि बकरीबद्दल या बाईंना काहीही म्हणायचं नाही.

मग मी लॅपटॉप मांडला. पडदे तुम्ही आधीच ओढले होते. कुणासाठी, ते मी विचारलं नाही. आवाज तुम्हाला ऐकू येत होता, चित्र मी सांगत होते.

"ती बाई दिसते कशी?"

"तुमच्या नव्या सुनेसारखी."

"तू तिला पाहिलंयस?"

"नाही."

"मग नीट सांग. आणि ती चांगली मुलगी आहे. मला चहा गोड करून देते."

मी नीट सांगितलं. जुनं घर, बाल्कनीचं दार आतून बंद, वर्षानुवर्षं बंद, आणि बाहेरून कुणीतरी ठोठावतं. खाली रस्ता आहे, वर यायला शिडी नाही. सिनेमा खरंच चांगला आहे, सासूबाई, हे मी कुणालाही सुचवीन. मग मांत्रिक आला.

"धूप पेटवला का?"

"पेटवला."

"मग बंद कर की! बघतेस काय?"

मी आवाज बंद केला. आणि खोलीत काहीच उरलं नाही. पूर्वी आवाज बंद झाला तरी माझ्यासमोर चित्र असायचं. तुमच्यासमोर आता तेही नव्हतं. पंखा फिरत होता आणि तुम्ही तोंड माझ्याकडे वळवून बसला होतात.

"बोल."

 तो मांत्रिक ओठ हलवतोय आणि मी नुसती बघतेय.

"लोकांना नावं ठेवताना बरी चालते जीभ," तुम्ही म्हणालात आणि माझं मनगट धरलंत.

तेव्हा मी सांगायला लागले. म्हटलं, मांत्रिक दाराशी तोंड नेऊन विचारतो, 'कोण तू? काय पाहिजे?' बाहेरची म्हणते, 'मी याच घरातली. दार कुणी लावलं ते मला आठवत नाही. लावणाऱ्यालाही आता आठवत नसेल. मला सूडबीड नको. मी पडदे वाळत घातले होते, तेवढे आत घेऊ दे. आभाळ भरून आलंय.'

"जिन पडदे धुतात?"

"पोर्ट सईदचे धुतात."

"खोटं. पण चालू दे. मग तो काय म्हणतो?"

इथपर्यंत तुम्हाला माहीत आहे. जे दिसलं नाही ते असं.

हाझिम त्याच्या किल्लीनं दार उघडून आत आला होता. एका हातात पेरूंची पिशवी, दुसऱ्या हातात स्वतःचे बूट. नाकानं श्वास घेऊन झाला होता, तोंड उघडलेलं होतं. मी त्याला पाहिलं आणि थांबणार होते, पण तुमची पकड सुटली नाही, म्हणून बोलत राहिले. त्यानं लॅपटॉपकडे पाहिलं. मांत्रिक बिनआवाजाचे ओठ हलवत होता. मग त्यानं आपल्या दोघींकडे पाहिलं.

त्याचं उघडं तोंड हळूहळू मिटलं. भुवया खाली आल्या. एकोणीस वर्षांच्या संसारात मी असा चेहरा पाहिला नव्हता. हा माणूस माझ्या कितीतरी आधी त्याच हॉलमध्ये, तुमच्या मांडीला टेकून, तुमच्या तोंडून हेच ऐकत मोठा झाला, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यालाही तुम्ही काय काय सांगितलं असेल. त्यानं ते कुणाच्या खात्यावर टाकलं असेल, कोण जाणे.

मी सांगितलं, मांत्रिक धूप विझवतो आणि घरातल्यांना म्हणतो, 'मला उगीच बोलावलंत, ही तर तुमचीच बाई आहे.'

"मग?" हाझिम म्हणाला.

तुम्ही दचकला नाहीत. माझा संशय आहे की तुम्ही किल्लीचा आवाज माझ्याआधी ऐकला होता.

"मग ती गेली का शेवटी?" त्यानं विचारलं. अगदी खरं विचारलं, सासूबाई. त्याला माहीत करून घ्यायचं होतं.

"कशाला जाईल? तिचं घर आहे," तुम्ही त्याच्या दिशेनं म्हणालात. "बूट बाहेर ठेव आणि बस."

त्यानं बूट बाहेर ठेवले. पेरू टेबलावर ठेवले. सोफ्यावर जागा होती, तरी तुमच्या पायाशी सतरंजीवर बसला. एव्हाना पडद्यावर मांत्रिक निघूनही गेला होता, घरातली माणसं जेवायला बसली होती, मंत्र केव्हाच संपला होता. आता भीती नव्हती, म्हणून मी आवाज लावायला हात पुढे केला.

त्यानं माझ्याकडे पाहून मान हलवली. आवाज न करता नको म्हणाला.

तुम्ही विचारलंत, "का गं थांबलीस?" मी म्हणाले, "काही नाही," आणि पुढे सांगायला लागले. म्हणून आज लिहून कळवते.

शाहीनाझ